रपेट कुणाची, पाठ कुणाची

हौशी : शनिवारी पहाटे निघायचं, न्याहारीला बारामती. ऊन कलल्यावर घोड्यांवर बसायचं आणि इंदापूरच्या बाजूला माळावर निघायचं. रात्री कुणाच्या तरी शेतावर मुक्काम, रविवारी उजाडता उजाडता पुन्हा माळ. तू बरोबर हवास. महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी घोड्यावर बसवतात तसलं हे नव्हे. तिथे लगाम घोडेवाल्याच्या हातात असतो, आपण नुसतं ओझं. इथे लगाम आपल्या हातात. आणि ही जागा काही उगाच निवडलेली नाही. इंग्रजी अमदानीत बारामतीचा हा मुलूख भीमथडी तालुक्यात होता. मराठ्यांच्या फौजा ज्या घोड्यांच्या जिवावर नर्मदेपलीकडे गेल्या, त्यातलं फार मोठं संख्याबळ भीमा आणि नीरेच्या खोऱ्यातल्या या लहान चणीच्या, काटक तट्टांचं. राजा बढे यांचं जे गीत २०२३ मध्ये राज्यगीत झालं, त्यातही ही तट्टं आहेत. आणि ती नुसती गीतात उरलेली नाहीत. २०२३-२४ मध्ये कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोने भीमथडी ही घोड्यांची स्वतंत्र जात म्हणून नोंदवली. मारवाडी, काठियावाडी, स्पिती, झांस्कारी, मणिपुरी, भूतिया आणि कच्छी-सिंधी यांच्यानंतरची ही आठवी. आपल्या जिल्ह्याचा घोडा आहे आणि आपण त्याच्या पाठीवर कधी बसलेलो नाही, याची मला तरी लाज वाटते.

शंकेखोर : लाज वाटण्याआधी तिथली जमीन बघून घे. तू सांगतोस तो मुलूख दोनशे वर्षांपूर्वीचा. १८७६-७७ च्या दुष्काळात हा भाग होरपळला. त्यानंतरच्या दशकात भाटघरचं पाणी घेऊन नीरा डावा कालवा आला आणि बारामतीचं नशीब पालटलं. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर असे कारखाने एकामागून एक उभे राहिले. बागायती पट्ट्यात तुझा घोडा धावणार कुठे? दोन्ही बाजूंना पुरुषभर ऊस आणि मधल्या रस्त्यावर गळीत हंगामात दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर. उरला जिरायती भाग. सुप्याच्या बाजूचा आणि इंदापूर तालुक्यातला माळ. तो का उरला? तिथे कालवा पोचला नाही म्हणून. तुला जे रमणीय वाटतं, ते तिथल्या माणसाच्या लेखी न मिळालेलं पाणी आहे.

आणि इतिहासच काढलास तर पुरता काढ. मराठ्यांच्या घोडदळात बारगीर होते आणि शिलेदार होते. बारगिराला घोडं सरकारी पागेतून मिळायचं. शिलेदाराचं घोडं स्वतःचं. ते लढाईत पडलं की त्याची रोजीरोटी गेली, म्हणून तो त्याला जिवापाड जपायचा. सरकारी घोड्याची निगा राखली नाही तर बारगिरालाही जाब द्यावा लागायचा. तू यांतला कुणीच नाहीस. तू तासाचे पैसे मोजणार, उतरणार, पँट झटकणार आणि परत येणार. सोमवारी त्याला चंदी कोण घालणार? मंगळवारी खरारा कोण करणार? नाल सैल झाला तर नालबंद कुठून आणायचा, हे तुला कोण विचारणार आहे?

हौशी : सोमवारचाच हिशेब मांडू. २०१२ च्या पशुगणनेत देशात घोडे आणि तट्टं मिळून सव्वासहा लाख होती. २०१९ मध्ये ती साडेतीन लाखांच्या खाली आली. सात वर्षांत जवळपास निम्मी संपली. या घोड्यांना कुणी छळून मारलेलं नाही. त्यांना काम उरलं नाही, एवढंच. टांगे गेले, माल वाहायला टेम्पो आले. जनावराचं काम गेलं की मालक त्याला वर्षभर दावणीला बांधून पोसत नाही. तुझ्यासारखी हळवी माणसं काय करतात? घोड्यावर बसणं क्रूर आहे म्हणतात आणि घरी जातात. मुंबईत व्हिक्टोरिया गाड्या होत्या. २०१५ मध्ये उच्च न्यायालयाने त्या बेकायदा ठरवल्या. निकाल योग्य असेलही, शहरातल्या डांबरावर घोडा ठेवूच नये. पण त्या निकालाने मुंबईत घोडा सुखी झाला नाही, तो मुंबईतून गेला. खिल्लार बैलाचंही तेच. शर्यतींचा वाद २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात मिटला तेव्हा बैलगाडावाले काय म्हणत होते? शर्यत आहे म्हणून खिल्लार आहे. मला ते सगळं पटतं असं नाही, पण त्यातलं एक नाकारता येत नाही. ज्याचा उपयोग संपतो त्याची पैदासही संपते. मी शनिवार-रविवारचा उपयोग देतोय. अपुरा आहे, कबूल. पण शून्यापेक्षा बरा.

शंकेखोर : घोडं पेंड खातं ते इथेच. तुझा उपयोग कुणाच्या उपयोगी पडतो ते बघ. घोडेस्वारीच्या क्लबात जाऊन विचार, बसायला काय देता? बहुतेक ठिकाणी उंचापुरा मारवाडी किंवा काठियावाडी, नाहीतर शर्यतीतून निवृत्त झालेला थरोब्रेड. भीमथडी तट्टू तुला दाखवणारच नाहीत, कारण ते ठेंगणं आहे आणि फोटोत रुबाबदार दिसत नाही. म्हणजे भीमथडीचं नाव सांगून तू पैसे मारवाडीला देणार.

भीमथडी आज जिवंत आहे ती मेंढपाळांमुळे. आपल्याकडच्या क्लबांचा, पागांचा आणि राज्यगीताला उभं राहणाऱ्यांचा त्यात काडीचाही वाटा नाही. बारामती, इंदापूर, फलटण, माण इकडचे धनगर पावसाळ्यात आपापल्या गावी असतात. दिवाळीच्या सुमारास निघतात आणि मेंढरं घेऊन पश्चिमेकडे जातात, काहीजण घाट उतरून कोकणातही जातात. वाटेत शेतकऱ्यांच्या रानात मेंढ्या बसवतात. रानाला लेंडीखत मिळतं, बदल्यात धान्य किंवा पैसे मिळतात. या सगळ्या चालीत बिऱ्हाड वाहतं ते हे तट्टू. वाघरी, भांडीकुंडी, पीठ, चुलीचं सामान, कोंबड्यांची डालगी, चालता न येणारी कोकरं, कधी तान्हं मूल. पुरुष मेंढरांमागे आणि घोड्यांचं लादणं, उतरवणं, हाकणं बहुतेक बायकांकडे. पुढच्या मुक्कामाला आधी पोचून वाडा मांडायचा तोही बायकांनीच. त्या घोड्याचा स्वार कुणीच नाही. मारवाडीसारखी मान ताठ करून तो चालत नाही, मेंढराच्या चालीने चालतो, मिळेल ते खातो, ओढा उतरतो, डांबरी रस्त्यावर गाड्यांचे भोंगे सहन करतो. ही जात टिकली ती अशा चालण्यात. इंग्रजांनी लष्करासाठी ऑस्ट्रेलियातून वेलर घोडे जहाजांनी आणले, देशी तट्टाला फौजेत किंमत राहिली नाही. तरी ते दीडशे वर्षं उरलं. कारण ते फौजेसाठी नव्हतंच उरलेलं.

हौशी : मग तर माझाच मुद्दा बळकट झाला. ते धनगर किती दिवस चालतील? मुलं शाळेत जायला लागली. बिऱ्हाड आता पिकअपमध्ये जातं. वाटा बंद झाल्या, कुंपणं आली, मेंढ्या बसवायला जागा कमी झाल्या. आणि त्यांनी का चालत राहावं? आपल्याला घोड्याची जात हवी म्हणून त्या बाईने आणखी वीस वर्षं थंडीत वाडा मांडावा? मी निदान वेगळं काम शोधतोय. एखाद्या मेंढपाळाच्या पोराने चार तट्टं खोगिराला शिकवली, शनिवार-रविवारी माझ्यासारख्यांना फिरवलं, तर त्याला बापापेक्षा बरे पैसे मिळतील आणि तट्टू त्याच्या दारातच राहील.

शंकेखोर : तुझं वजन किती?

हौशी : त्याचा इथे काय संबंध?

शंकेखोर : आहे. ओझ्याच्या जनावरांबद्दल केंद्र सरकारचे १९६५ चे नियम आहेत. त्यात तट्टाच्या पाठीवर लादायच्या ओझ्याची कमाल मर्यादा ७० किलो आहे, खेचराची २०० आणि गाढवाची ५०. पारा ३७ अंशांवर असेल तर दुपारी बारा ते तीन जनावराला कामाला लावायचं नाही. दिवसाला एकूण नऊ तासांपेक्षा जास्त नाही आणि मध्ये विश्रांती न देता पाच तासांपेक्षा जास्त नाही. काटेरी लगामालाही मनाई. हे नियम लादलेल्या मालाचे आहेत, स्वाराचे नाहीत, हे तू म्हणशील ते मला ठाऊक आहे. पण घोडेस्वारीतले जाणकारही साधारण सांगतात की स्वार आणि खोगीर मिळून घोड्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्यावर जाऊ नये. अडीचशे किलोच्या तट्टाला त्या हिशेबाने पन्नास किलो झेपतात. तू आणि खोगीर मिळून नव्वदच्या घरात जाता. कोकरू आणि पातेली वाहणाऱ्या जनावरावर तू बसणार आणि त्याला संवर्धन म्हणणार.

यातून पुढे काय होईल तेही सांगतो. गिऱ्हाईक जड आहे, म्हणून मालक उंच घोडा शोधेल. भीमथडी घोडीला मारवाडी वळू दाखवेल. शिंगरं उंच होतील, देखणी होतील, हरभऱ्याशिवाय भागणार नाही, पाय नाजूक होतील. दहा वर्षांनी बारामतीत घोडे भरपूर असतील आणि भीमथडी एकही नसेल. बैलगाडा शर्यतीने खिल्लार वाचली म्हणतोस, तिथेही पळणारा बैल वाचला. नांगराचा, मोटेचा, वीस कोस गाडी ओढणारा बैल उरला का? हौसेने जात वाचत नाही, बदलते.

(वजनाचं उत्तर हौशीने इथे दिलं नाही. पुढेही देत नाही.)

हौशी : तू सगळं मालकाच्या आणि घोड्याच्या बाजूने बोललास. स्वाराला काय मिळतं हे एकदाही विचारलं नाहीस. बहुधा तू कधी नीट बसलेलाच नाहीस. पहिल्या पाच मिनिटांत कळतं की हुकूम चालत नाही. टाचा खाली, नजर पुढे, हात सैल. लगाम धाक दाखवायला ओढला की कडी त्याच्या तोंडात रुतते आणि तो मान झटकतो. तू घाबरलास तर तुझ्या मांड्या आवळतात आणि ते त्याला तुझ्याआधी कळतं. त्याच्या कानांकडे बघायला शिकावं लागतं. कान वळले तिकडे त्याचं लक्ष असतं. कदम चाल जमली की वाटतं, आलं. मग दुडकी सुरू होते आणि माकडहाडापासून टाळूपर्यंत सगळं हादरतं. त्याच्या ठेक्यावर उठ-बस साधली तरच सुटका. दुसऱ्या दिवशी जिना उतरताना देव आठवतात. शहरात माझं सगळं आयुष्य बटणं दाबण्यात जातं. माझ्या मनातलं ओळखून, ते न पटल्यास तसं सांगणारं दुसरं कुणी माझ्याभोवती नाही.

आणि दोघं का, तेही सांगतो. आपण भेटतो तेव्हा टेबल मध्ये असतं आणि टेबलावर दोन फोन. घोड्यावर दोन्ही हात गुंतलेले. शेजारून चालताना एकमेकांकडे बघता येत नाही, पुढे बघावं लागतं. मग जे बोललं जातं ते निराळं असतं. मोठी वाक्यं जमत नाहीत, बढाई मारता येत नाही. मधेच एक घोडा मागे राहतो आणि पुढच्याला थांबावं लागतं. मित्रासाठी थांबणं मी शेवटचं कधी केलं, मला आठवत नाही.

शंकेखोर : हे मला पटलं. खोटं कशाला बोलू. पण याच रस्त्यावर हे सगळं पायी मिळतं. आषाढात तुकोबांची पालखी बारामतीहून काटेवाडी, सणसर, बेलवाडी, निमगाव केतकी करत इंदापूरला जाते आणि सराटीवरून नीरा ओलांडते. काटेवाडीत पालखीभोवती मेंढ्यांचं रिंगण होतं. बेलवाडीत गोल रिंगण, त्यात घोडे धावतात. एकावर स्वार असतो. दुसरा देवाचा, त्याच्या पाठीवर कुणी बसत नाही. लोक वाकून त्याच्या टापांखालची माती कपाळाला लावतात. या मुलखातल्या सगळ्यात मानाच्या घोड्याला स्वार नाही आणि सगळ्यात कामाच्या घोड्यालाही नाही. तू नेमका मधला मागतोस, ज्याला इथे कधी मोठी जागा नव्हती.

हौशी : हे बोलायला छान आहे. पण फौजेतल्या लाखभर घोड्यांना तू एका वाक्यात गिळलंस. त्यांना स्वार होतेच की. आणि देवाच्या घोड्याला वर्षभर कुणीतरी पोसतं, शिकवतं, फिरवतं, तेव्हा तो लाखभर माणसांत बिनबोभाट धावतो. तोही कुणाच्या तरी हौसेवर आणि ऐपतीवरच उभा आहे. श्रद्धेची हौस चालते, माझी चालत नाही?

आता माळाबद्दल. तू म्हणालास, माळ म्हणजे न मिळालेलं पाणी. सरकारदरबारीही तो असाच पडीक म्हणून गणला गेला. पण सुप्याजवळचं मयूरेश्वर अभयारण्य बघ. १९९७ मध्ये जाहीर झालं, क्षेत्र अवघं ५.१४ चौरस किलोमीटर, आणि तेवढ्यात चिंकारे आहेत. इंदापूर तालुक्यात कडबनवाडीचा माळ आहे. चिंकारा, लांडगा, खोकड, धाविक, चंडोल. लांडगा बघायला लोक लांबून येतात. माळ म्हणजे पडीक नव्हे, हे पटवायचं असेल तर माणसांनी माळावर जायला हवं. जीपमधून गेलेला माणूस चिंकाऱ्याचा फोटो घेऊन येतो. घोड्यावरून गेलेल्याला गवत कळतं, कारण घोडा दर दहा पावलांवर तोंड घालतो. कुठे कुसळ आहे, कुठे कोवळं आहे, कुठे खडक वर आलाय, हे तो शिकवतो. माळ वाचवायला उद्या माणसं लागतील तेव्हा ती या गर्दीतूनच येतील.

शंकेखोर : येतील, आणि पहिलं काम काय करतील? मेंढरं हटवा म्हणतील. हे मी रागाने बोलत नाही, असंच घडतं. वनखात्याच्या माळावर मेंढपाळ शिरला तर ती चोरटी चराई. पर्यटक शिरला तर तो निसर्गप्रेमी, त्याच्यासाठी पावती फाडायची सोय. ज्या गवतावर लांडगा आणि मेंढपाळ शेकडो वर्षं एकमेकांना शिव्या घालत राहिले, तिथून मेंढपाळ काढला की लांडग्याने खायचं काय? आणि धाविक, माळटिटवी, चंडोल ही सगळी जमिनीवर अंडी घालणारी. मेंढरांच्या खुरांखालीही अंडी जातात, मान्य. पण मेंढरू पोटासाठी जातं आणि गवत संपलं की पुढे सरकतं. शनिवार-रविवारची रपेट त्याच वाटेने बावन्न वेळा जाणार.

तू माझ्या जुन्या प्रश्नाला मात्र नवं रूप दिलंस. आधी मी विचारत होतो, घोड्याला त्रास होतो का. त्याचं उत्तर सोपं आहे. हलका स्वार, बरं खोगीर, सकाळची वेळ, भरपूर पाणी, मऊ हात एवढं असेल तर फारसा होत नाही. घोड्याला धावायला आवडतं, हेही मी मानतो. आता प्रश्न असा आहे की माळ, मेंढपाळ आणि तट्टू ही तिन्ही एकाच चालण्यावर उभी होती. चालणं थांबतंय. यांतलं एकेक वेगळं काढून वाचवता येईल का? अभयारण्यात माळ, क्लबात घोडा, संग्रहालयात घोंगडी?

हौशी : वेगळं काढल्याशिवाय वाचणार असेल तर कसं, ते तू सांग. तुझ्याकडे फक्त हळहळ आहे. मी एक सुचवतो. घोड्यावर बसायचंच नाही. दोन दिवस चालायचं, आपलं सामान तट्टावर, बरोबर त्याचा मालक किंवा मालकीण. त्यांना ठरलेला मेहनताना. तुझे ७० किलोही पाळले जातील.

शंकेखोर : हे बरं आहे आणि म्हणूनच जास्त अवघड. घोड्यावर बसलास तर तू उघड गिऱ्हाईक. वाड्यावर जाऊन राहिलास तर पाहुणा. त्या बाईने दिवसभर चालून, बिऱ्हाड उतरवून, तीन दगडांवर भाकऱ्या भाजायच्या आणि आपल्याला वाढायच्या, वर आपण म्हणायचं, काय साधं जीवन आहे. पैसे दिले म्हणून ते अवघडलेपण जात नाही. शिवाय ती कुठे निघालीय ते मेंढरं ठरवतात. तुला रविवारी रात्री पुण्यात पोचायचंय. तिची वाट आणि तुझा रविवार यांचा मेळ कोण घालणार? तिनेच घालायचा, हो ना? मग पुढच्या वर्षी ती मेंढरांच्या गवताकडे बघून निघेल की तुझ्या सुट्ट्यांकडे?

हौशी : कदाचित सुट्ट्यांकडे. आणि कदाचित तेच तिला हवं असेल. तिला आपण दोघांनीही विचारलेलं नाही.

शंकेखोर : नाही विचारलेलं.

हौशी : मग येणार आहेस की नाही?

शंकेखोर : येतो. पण क्लबाला पैसे आत्ता पाठवू नकोस. अकलूजचा घोडेबाजार दिवाळीच्या सुमारास भरतो. इंदापूरहून नीरा ओलांडली की अकलूज. आधी तिथे जाऊ. उंच मारवाडी घोड्याचा भाव विचारू आणि बिऱ्हाड वाहणाऱ्या तट्टाचाही विचारू. खोगीर उतरवायला लावून दोघांच्या पाठी बघू. आणि तट्टू विकायला आणलेल्या माणसाला विचारू, का विकतोयस. त्याचं उत्तर ऐकल्यावर रपेट ठरव. पैसे मी निम्मे देईन.